विल्यम रॉक्सबर्ग

विल्यम रॉक्सबर्ग (१७५१–१८१५) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश शल्यवैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. भारतीय वनस्पतींचे लिनीअसच्या पद्धतीनुसार विस्तृत आणि सलग वर्णन प्रथम त्यांनी केले. म्हणून त्यांना भारतीय वनस्पतिशास्त्राचे जनक म्हटले जाते. आधी मद्रास इलाख्यात आणि पुढे कलकत्त्याजवळील शिबपूर येथील वनस्पती उद्यानात मिळून त्यांनी भारतात सुमारे सदतीस वर्षे काम केले. ‘प्लँट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडेल’, ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ आणि ‘फ्लोरा इंडिका’ हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. यांपैकी ‘फ्लोरा इंडिका’ हा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. या विलंबामुळे त्यांनी दिलेली अनेक नावे शास्त्रीय नियमांत टिकली नाहीत. त्यांच्या नोंदी मात्र टिकल्या, आणि महाराष्ट्रातील कित्येक परिचित वृक्षांच्या शास्त्रीय नावापुढे आजही त्यांच्या नावाचे संक्षिप्त रूप लिहिले जाते.

पार्श्वभूमी

भारतातील वनस्पतींविषयी युरोपीय लेखन रॉक्सबर्ग यांच्या पूर्वीच सुरू झाले होते. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मलबारचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध केला. हे दोन्ही ग्रंथ लिनीअसच्या पूर्वीचे असल्यामुळे त्यांत प्रजाती आणि जाती अशी द्विनाम पद्धती नाही. १७५३ मध्ये लिनीअसने ती पद्धती सर्व वनस्पतींना लागू केली. त्यानंतर प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव, तिचे वर्णन आणि वर्गीकरणातील तिचे स्थान ठरवणे हे वनस्पतिशास्त्रज्ञांचे मुख्य काम झाले. भारतासारख्या विस्तीर्ण प्रदेशात हे काम जवळजवळ पूर्णपणे बाकी होते.

हे काम प्रामुख्याने शल्यवैद्यांकडे आले. त्या काळची बहुतेक औषधे वनस्पतींपासून तयार होत, त्यामुळे वैद्यकाच्या शिक्षणात वनस्पतिशास्त्र हा अनिवार्य विषय होता. कंपनीच्या नोकरीत वनस्पती ओळखण्याचे रीतसर शिक्षण घेतलेला वर्ग तेवढा एकच होता.

जन्म आणि शिक्षण

रॉक्सबर्ग यांचा जन्म स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यातील क्रेगी या खेड्याजवळ १७५१ मध्ये झाला. वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते एडिंबरो विद्यापीठात गेले. तेथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन होप यांचा त्यांना लाभ झाला. लिनीअसची पद्धती ब्रिटनमध्ये आरंभीच शिकवू लागलेल्या अध्यापकांत होप यांची गणना होते. विद्यार्थ्यांना ते उद्यानात नेऊन प्रत्यक्ष झाडासमोर उभे करीत आणि फुलांचे मोठे तक्ते वापरून शिकवीत. भारतात पुढे निसर्गसंशोधन करणाऱ्या कंपनीच्या अनेक वैद्यांनी होप यांच्याच हाताखाली शिक्षण घेतले होते. फूल समोर ठेवून, त्याचा एकेक भाग सुटा करून वर्णन लिहिण्याची रॉक्सबर्ग यांची सवय या शिक्षणातून आली.

शिक्षण चालू असतानाच ते कंपनीच्या जहाजांवर शल्यवैद्याचे साहाय्यक म्हणून पूर्वेकडे आले. पुढे १७७६ मध्ये कंपनीच्या मद्रास वैद्यकीय सेवेत साहाय्यक शल्यवैद्य या पदावर त्यांची नेमणूक झाली. १७८० मध्ये ते शल्यवैद्य झाले.

मद्रासमधील हवामानाच्या नोंदी

मद्रासला आल्याबरोबर रॉक्सबर्ग यांनी हवामानाची दैनंदिनी ठेवण्यास आरंभ केला. तापमापक, वायुभारमापक, वाऱ्याची दिशा आणि पाऊस यांची नोंद ते दररोज ठरलेल्या वेळी अनेकदा करीत. १७७८ मध्ये ही दैनंदिनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रोगांचा हवेशी संबंध असतो असा त्या काळच्या वैद्यांचा समज होता. हा समज पुढे मागे पडला, परंतु त्यामुळे सुरू झालेल्या नोंदींचा उपयोग राहिला. भारतातील उपकरणांनी केलेल्या आरंभीच्या सलग हवामान नोंदींत त्यांचा समावेश होतो.

योहान क्योनिग यांचा सहवास

दक्षिणेतील वास्तव्यात रॉक्सबर्ग यांचा योहान गेरहार्ड क्योनिग यांच्याशी परिचय झाला. क्योनिग हे प्रत्यक्ष लिनीअसचे शिष्य. तरंगंबाडी येथील डॅनिश मिशनचे वैद्य म्हणून ते १७६८ मध्ये भारतात आले होते. काही काळ त्यांनी अर्काटच्या नबाबाची नोकरी केली आणि १७७८ मध्ये कंपनीने त्यांना आपले निसर्गशास्त्रज्ञ म्हणून नेमले. तरंगंबाडी आणि मद्रास येथील मिशनरी व वैद्य आपापसांत वाळवलेल्या वनस्पतींची देवाणघेवाण करीत. या वर्तुळात रॉक्सबर्ग सामील झाले.

१७८५ मध्ये काकीनाडाजवळ क्योनिग हगवणीने आजारी पडले. त्यांच्या अखेरच्या दिवसांत रॉक्सबर्ग यांनी त्यांच्यावर उपचार केले, पण ते वाचले नाहीत. क्योनिग यांचे हस्तलिखित लेखन लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पोहोचले. बँक्स हे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष आणि ब्रिटनमधील निसर्गसंशोधनाचे मोठे आधारस्तंभ होते. पुढे रॉक्सबर्ग यांचाही त्यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार झाला. क्योनिग यांनी बरेच गोळा केले, परंतु त्यातले थोडेच त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले. रॉक्सबर्ग यांच्या वाट्यालाही पुढे काहीसे असेच आले.

सामलकोट

१७८१ मध्ये रॉक्सबर्ग यांची बदली सामलकोट येथील लष्करी ठाण्यावर झाली. हे गाव आजच्या आंध्र प्रदेशात काकीनाडाजवळ, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या कडेला आहे. तेव्हा हा मुलूख उत्तर सरकार या नावाने ओळखला जाई. समुद्रकिनारा, नदीकाठची भातशेती आणि पूर्व घाटाचे डोंगर हे सर्व तेथून जवळ असल्यामुळे वनस्पतींच्या अभ्यासाला ही जागा अनुकूल ठरली.

येथे त्यांनी एक उद्यान उभारले. त्यात मिरी, कॉफी, ऊस, नीळ, दालचिनी अशा व्यापारी वनस्पतींवर प्रयोग केले. राजमहेंद्री परिसरातील शेतकरी उसाची लागवड कशी करतात आणि त्यापासून गूळ व साखर कशी तयार करतात याचे तपशीलवार वर्णन त्यांनी लिहून प्रसिद्ध केले. लाखेच्या किड्याविषयीचा त्यांचा लेखही याच काळातील आहे. या लेखनातून दिसते की स्थानिक शेतकरी आणि कारागीर यांच्या पद्धती ते जवळून पाहत आणि विचारून घेत. वनस्पतींच्या वर्णनाबरोबर तेलुगू नावे आणि स्थानिक उपयोग लिहिण्याची त्यांची प्रथा येथेच पक्की झाली.

मे १७८७ मध्ये कोरिंगा किनाऱ्यावर मोठे चक्रीवादळ आले आणि समुद्राचे पाणी आत शिरून सारा किनारा बुडाला. या प्रलयात इंजरम येथे रॉक्सबर्ग यांचा खाजगी वनस्पतिसंग्रह, पुस्तके आणि कागदपत्रे नष्ट झाली. अकरा वर्षांच्या श्रमांचा मोठा भाग एका दिवसात गेला. त्यानंतर त्यांनी संग्रहाचे काम पुन्हा आरंभापासून सुरू केले. १७८९ मध्ये पॅट्रिक रसेल हे मायदेशी परतल्यावर कंपनीचे मद्रास इलाख्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. १७९१ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले.

१७८९–९२ चा दुष्काळ

१७८९ पासून उत्तर सरकारात पाऊस लागोपाठ अपुरा पडला आणि भीषण दुष्काळ ओढवला. हाच दुष्काळ हैदराबाद, दक्षिण महाराष्ट्र, गुजरात आणि मारवाड येथेही पसरला होता. मृतांचे दहन वा दफन करण्यासही माणसे उरली नाहीत म्हणून तो कवट्यांचा दुष्काळ या नावाने ओळखला गेला. सामलकोट परिसरातील उपासमार रॉक्सबर्ग यांनी प्रत्यक्ष पाहिली.

या प्रसंगी त्यांनी केलेल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे त्यांनी पावसाची तूट आपल्या नोंदींच्या आधारे दाखवली आणि पूर्वी असे कधी घडले होते का याचा शोध घेतला. पिठापुरमच्या राजघराण्याकडून त्यांना सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या अशाच तीव्र दुष्काळाची माहिती मिळाली. अनावृष्टी ही एकवेळची आपत्ती नसून ती पुन्हा पुन्हा येऊ शकते, असा याचा अर्थ होता. दुसरी म्हणजे त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे एक योजना मांडली. भात एका पावसावर अवलंबून असतो, पण खोल मुळांची बहुवर्षायू झाडे एखादे कोरडे वर्ष सोसतात. म्हणून नारळ, साबुदाण्याचा माड, खजूर, केळ, फणस, नीरफणस अशी अन्न देणारी झाडे कालव्यांच्या काठी आणि गावांच्या आसपास मोठ्या प्रमाणावर लावावीत, असे त्यांनी सुचवले. ही रोपे त्यांनी आपल्या उद्यानात वाढवण्यास आरंभही केला.

ही योजना त्यांच्या अपेक्षेइतक्या प्रमाणावर अमलात आली नाही. तथापि दुष्काळाचा विचार धान्याच्या साठ्यापलीकडे जाऊन झाडे, जमीन आणि पाऊस यांच्या संबंधात करणाऱ्या कंपनीच्या आरंभीच्या अधिकाऱ्यांत रॉक्सबर्ग यांची गणना होते. १७८९–९३ या काळातील तीव्र एल निनोचा अभ्यास करताना आधुनिक संशोधकांनी त्यांच्या निरीक्षणांचा आधार घेतला आहे.

चित्रसंग्रह आणि भारतीय चित्रकार

उष्ण आणि दमट हवेत वाळवलेल्या वनस्पतींना बुरशी व कीड लवकर लागते, शिवाय वाळल्यावर फुलांचा रंग उडतो. यावर उपाय म्हणून रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकार नोकरीस ठेवले. ताजी फांदी समोर ठेवून चित्रकार तिचे पूर्णाकृती रंगीत चित्र काढीत. त्याच कागदावर फुलाचे भाग सुटे करून दाखवले जात. रॉक्सबर्ग स्वतः वर्णन लिहीत आणि चित्र व वर्णन यांना एकच क्रमांक देत. पुढे कलकत्त्यातही ही पद्धत चालू राहिली. अखेरीस या चित्रांची संख्या सुमारे अडीच हजारांवर गेली. चित्रांचा एक संच कलकत्त्याच्या उद्यानात राहिला आणि दुसरा लंडनला पाठवला गेला, तो आज क्यू येथील उद्यानात आहे.

मद्रासहून पाठवलेल्या चित्रांतून बँक्स यांनी निवड केली आणि ‘प्लँट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडेल’ हा भव्य ग्रंथ कंपनीच्या आश्रयाने लंडनमध्ये सिद्ध झाला. १७९५ पासून तो भागाभागाने निघाला. त्याच्या तीन खंडांत मिळून ३०० चित्रे असून ती हाताने रंगवलेली आहेत. शेवटचा भाग रॉक्सबर्ग यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. वर्णन करणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर आले, परंतु ज्यांच्या हातांनी मूळ चित्रे उतरली त्या भारतीय चित्रकारांची नावे ग्रंथात दिलेली नाहीत. या संग्रहाचे शास्त्रीय मूल्य मात्र मोठ्या प्रमाणात त्यांच्या अचूकतेवर उभे आहे. मूळ वाळवलेला नमुना उपलब्ध नसतो तेव्हा रॉक्सबर्ग यांना नेमकी कोणती वनस्पती अभिप्रेत होती हे आजही या चित्रांवरून ठरवले जाते.

कलकत्त्याचे उद्यान

हुगळीच्या पश्चिम तीरावर शिबपूर येथे कर्नल रॉबर्ट किड यांनी १७८७ मध्ये कंपनीचे उद्यान स्थापन केले होते. किड हे लष्करी अधिकारी होते आणि उद्यानाचा हेतू मुख्यतः व्यापारी होता. जहाजबांधणीसाठी साग, तसेच मसाल्याची झाडे येथे वाढवावीत अशी कल्पना होती. १७९३ मध्ये किड यांचे निधन झाले आणि रॉक्सबर्ग त्यांच्या जागी अधीक्षक म्हणून आले. या उद्यानाचे ते पहिले पगारी वनस्पतिशास्त्रज्ञ अधीक्षक होत. नदीकाठी त्यांनी आपले निवासस्थान बांधले. ते आजही रॉक्सबर्ग हाऊस या नावाने ओळखले जाते.

त्यांच्या कारकिर्दीत हे उद्यान व्यापारी रोपवाटिकेबरोबरच एक संशोधन केंद्र बनले. आग्नेय आशियातील बेटे, बंगालचा पूर्व सीमाप्रदेश आणि दक्षिण भारत येथून रोपे व बिया येत. उद्यानात रोप फुलले की त्याचे वर्णन आणि चित्र तयार होई. याच ठिकाणी त्यांनी जमवलेल्या नमुन्यांतून संग्रहाची जी परंपरा सुरू झाली तिच्यातून पुढे आजचे केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहालय विकसित झाले.

कंपनीला त्यांच्याकडून मुख्यतः उपयुक्त वनस्पतींची अपेक्षा होती. ब्रिटिश आरमाराला दोर आणि शिडाच्या कापडासाठी लागणारा धागा प्रामुख्याने रशियातून येत असे आणि युद्धकाळात तो पुरवठा खंडित होण्याची भीती असे. यासाठी रॉक्सबर्ग यांनी बोरू, अंबाडी, ज्यूट इत्यादी अनेक भारतीय धाग्यांची ताकद वजने टांगून तपासली आणि निष्कर्ष तक्त्यांच्या रूपात कळवले. ज्यूटचे नमुने त्यांनी लंडनला पाठवले. एकोणिसाव्या शतकात बंगालच्या अर्थव्यवस्थेत मोठे स्थान मिळवणाऱ्या या धाग्याकडे युरोपचे लक्ष वळवण्यात त्यांचा वाटा आहे. महाराष्ट्रात काळा कुडा म्हणून परिचित असलेल्या झाडाच्या पानांपासून निळा रंग काढण्याचे प्रयोगही त्यांनी केले. रोहण या वृक्षाची कडू साल तापावर दिली जाते हे पाहून पेरूहून येणाऱ्या महाग सिंकोना सालीला ती पर्याय होईल का, याची चौकशी त्यांनी शल्यवैद्य या नात्याने केली. रोहणाच्या शास्त्रीय नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ताप घालवणारा असा आहे. या स्वरूपाच्या संशोधनासाठी लंडनच्या कलासंस्थेने, म्हणजे सोसायटी ऑफ आर्ट्सने, त्यांना तीन सुवर्णपदके दिली.

वनस्पतींची नावे

रॉक्सबर्ग यांनी दिलेल्या नावांत दोन प्रवाह दिसतात. एक म्हणजे मित्र, सहकारी आणि सत्ताधारी यांच्या सन्मानार्थ दिलेली नावे. साल वृक्षाच्या ‘शोरिया’ या प्रजातीला गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांचे नाव आहे, तर पळसाच्या ‘ब्यूटिया’ या प्रजातीला ब्रिटनचे माजी पंतप्रधान अर्ल ऑफ ब्यूट यांचे. दुसरा प्रवाह देशी नावांचा. बंगालीत आम आदा म्हटल्या जाणाऱ्या आंबेहळदीला त्यांनी ‘कुर्कुमा अमाडा’ असे नाव दिले. मोई किंवा शेंबट या झाडाला त्यांनी दिलेल्या ‘ओडिना वोडियर’ या नावात त्याचे तमिळ नाव आहे.

हे दोन्ही प्रवाह अशोकाच्या नावात एकत्र आले. सर विल्यम जोन्स हे एशियाटिक सोसायटीचे संस्थापक, संस्कृतचे अभ्यासक आणि वनस्पतींचे चाहते होते. १७९४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर रॉक्सबर्ग यांनी सीता अशोकाचे वर्णन करून त्याला ‘जोनेशिया अशोका’ असे नाव दिले. परंतु याच प्रजातीला लिनीअसने १७६७ मध्येच ‘सराका’ हे नाव दिले होते. ज्याचे नाव आधी प्रसिद्ध झाले त्याचा हक्क पहिला, या नियमानुसार ‘जोनेशिया’ मागे पडले. आज हा वृक्ष ‘सराका अशोका’ आहे. जोन्स यांचे नाव गेले, संस्कृत नाव राहिले.

या नियमाचा फटका खुद्द रॉक्सबर्ग यांच्या नावालाही बसला. त्यांच्या गौरवार्थ एका वेलवर्गीय प्रजातीला ‘रॉक्सबर्गिया’ असे नाव देण्यात आले होते. पण त्याआधी १७९० मध्ये तिचे ‘स्टेमोना’ हे नाव प्रसिद्ध झाले होते, म्हणून तेच ग्राह्य ठरले. जातिवाचक नावांत मात्र त्यांचे स्मरण आहे. हिमालयातील चीड वृक्ष ‘पायनस रॉक्सबर्गी’ या नावाने ओळखला जातो.

विल्यम कॅरी यांच्याशी मैत्री

कलकत्त्याच्या काळातील रॉक्सबर्ग यांचे महत्त्वाचे स्नेही म्हणजे सेरामपूरचे मिशनरी विल्यम कॅरी. मराठी वाचकांना कॅरी यांचे नाव दुसऱ्या कारणाने परिचित आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवीत. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी–इंग्रजी कोश १८१० मध्ये सेरामपूरहून प्रसिद्ध केला. कॅरी यांना बागेचा नाद होता आणि दोघे एकमेकांना रोपे व बिया देत. रॉक्सबर्ग यांनी एका प्रजातीला ‘केरिया’ असे नाव देऊन या मैत्रीची नोंद ठेवली. ‘केरिया आर्बोरिया’ म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात सर्वत्र दिसणारा कुंभा.

१८१३ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे रॉक्सबर्ग यांनी भारत सोडला. निघताना ‘फ्लोरा इंडिका’चे हस्तलिखित पूर्ण स्वरूपाच्या जवळ पोहोचले होते, पण छपाई झाली नव्हती. त्याची एक प्रत त्यांनी कॅरी यांच्याकडे ठेवली. १८१४ मध्ये कॅरी यांनी सेरामपूरच्या छापखान्यातून उद्यानातील वनस्पतींची यादी ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या नावाने प्रसिद्ध केली. तीत सुमारे ३,५०० वनस्पती आहेत.

अखेरची वर्षे

परतीच्या वाटेवर रॉक्सबर्ग काही महिने सेंट हेलेना बेटावर राहिले. आजारी असतानाही त्यांनी तेथील वनस्पतींची यादी तयार केली. बाहेरून आणलेल्या शेळ्यांमुळे आणि जंगलतोडीमुळे या बेटावरील कित्येक मूळ वनस्पती त्या वेळीच दुर्मीळ होत चालल्या होत्या, त्यामुळे या यादीला पुढे विशेष महत्त्व आले. ती त्यांच्या निधनानंतर १८१६ मध्ये प्रसिद्ध झाली.

१८१४ मध्ये लंडनला पोहोचल्यावर सोसायटी ऑफ आर्ट्सचे तिसरे सुवर्णपदक त्यांना समारंभपूर्वक देण्यात आले. त्यानंतर ते एडिंबरोला गेले. ‘फ्लोरा इंडिका’ स्वतःच्या देखरेखीखाली छापण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली. १८१५ मध्ये वयाच्या ६३ व्या वर्षी एडिंबरो येथे त्यांचे निधन झाले. ग्रेफ्रायर्स येथील स्मशानभूमीत, त्यांच्या तिसऱ्या पत्नीच्या बॉसवेल घराण्याच्या जागेत, त्यांचे दफन करण्यात आले. शिबपूरच्या उद्यानात त्यांचे स्मारक असून त्यावरील लॅटिन लेख कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांचा आहे.

‘फ्लोरा इंडिका’चे प्रकाशन

रॉक्सबर्ग यांच्यानंतर काही काळाने उद्यानाची सूत्रे नॅथॅनिएल वॉलिच या डॅनिश शल्यवैद्यांकडे आली. कॅरी आणि वॉलिच यांनी ‘फ्लोरा इंडिका’चा पहिला खंड १८२० मध्ये आणि दुसरा १८२४ मध्ये सेरामपूरहून काढला. वॉलिच यांनी त्यात नेपाळ व इतर प्रदेशांतून नव्याने मिळालेल्या वनस्पतींची भर घातली. ग्रंथ वाढत गेला आणि अपुराच थांबला. पुढे रॉक्सबर्ग यांच्या मुलांच्या पुढाकाराने कॅरी यांनी मूळ हस्तलिखित कोणतीही भर न घालता तीन खंडांत १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. लेखकाच्या मृत्यूला तेव्हा सतरा वर्षे झाली होती. नेचे, शेवाळ इत्यादी अपुष्प वनस्पतींचा भाग १८४४ मध्ये विल्यम ग्रिफिथ यांनी कलकत्त्यातील एका नियतकालिकात छापला. १८३२ ची आवृत्ती दुर्मीळ झाल्यावर सी. बी. क्लार्क यांनी १८७४ मध्ये तिचे पुनर्मुद्रण केले.

या विलंबाचा परिणाम दूरगामी झाला. वनस्पतीच्या नावाला मान्यता मिळण्यासाठी त्याबरोबर वर्णन प्रसिद्ध व्हावे लागते. ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’मध्ये शेकडो नवी नावे आली, परंतु यादी असल्याने त्यांपैकी बहुतेकांबरोबर वर्णने नव्हती. ती वर्णने हस्तलिखितात पडून होती. दरम्यान युरोपातील इतर अभ्यासकांनी त्याच वनस्पतींची वर्णने वेगळ्या नावांनी प्रसिद्ध केली आणि त्या नावांना अग्रक्रम मिळाला. जेथे दुसऱ्या अभ्यासकाने रॉक्सबर्ग यांचेच नाव स्वीकारून वर्णन छापले, तेथे शास्त्रीय नावापुढे दोघांचीही नावे लागतात.

महाराष्ट्राशी संबंध

रॉक्सबर्ग यांचे कार्यक्षेत्र कोरोमंडेल किनारा आणि बंगाल हे होते. तरीही पूर्व घाटातील पानझडी जंगलांतले अनेक वृक्ष सह्याद्री, सातपुडा आणि विदर्भातही आढळत असल्यामुळे त्यांच्या वर्णनांचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध येतो. शिसव, बिबळा, शिवण, टेंभुर्णी, काकड, सालई, कुंभा या वृक्षांच्या शास्त्रीय नावांचे कर्तृत्व रॉक्सबर्ग यांच्याकडे जाते. हेदू, कळंब, धावडा, रोहण आणि भरीव बांबू यांची प्रजाती पुढे बदलली, पण त्यांच्या नावातील दुसरा शब्द रॉक्सबर्ग यांनी दिलेलाच आहे. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात ‘फ्लोरा इंडिका’चे संदर्भ वारंवार येतात.

मूल्यमापन

रॉक्सबर्ग यांचे संशोधन कंपनीच्या पैशावर आणि कंपनीच्या हितासाठी चालले. त्यांनी ज्यांच्याकडून झाडांची नावे आणि उपयोग जाणून घेतले ते शेतकरी, वैदू, वनवासी आणि चित्रे काढणारे कलावंत यांचा व्यक्तिशः उल्लेख त्यांच्या ग्रंथांत क्वचितच आढळतो. साम्राज्य आणि विज्ञान यांच्या संबंधांचा अभ्यास करणारे इतिहासकार या दोन्ही मर्यादा दाखवून देतात. त्यांनी दिलेल्या नावांपैकी अनेक नावे नियमानुसार रद्द झाली, हेही खरे.

असे असले तरी त्यांच्या वर्णनांची गुणवत्ता सर्वमान्य आहे. वाळलेल्या तुकड्यांवरून युरोपात बसून लिहिलेली वर्णने त्या काळी अनेक होती. रॉक्सबर्ग यांनी मात्र जिवंत झाड पाहून लिहिले. झाड कोणत्या जमिनीत वाढते, केव्हा फुलते, त्याला गावात काय म्हणतात, लाकूड कशास उपयोगी पडते, हे त्यांच्या वर्णनात एकत्र सापडते. सर जोसेफ हूकर यांचा ब्रिटिश भारताचा वनस्पतिकोश १८७२ पासून निघू लागेपर्यंत भारतात काम करणाऱ्या वन अधिकारी, वैद्य आणि अभ्यासक यांचा मुख्य आधार ‘फ्लोरा इंडिका’ हाच होता. वादळात गेलेला संग्रह पुन्हा जमवणे, दुष्काळातही पाऊस मोजत राहणे आणि छपाईची शाश्वती नसताना हजारो वनस्पतींची वर्णने पूर्ण करीत जाणे, या सातत्यातून तो ग्रंथ घडला. त्यामुळे लेखकाच्या पश्चात इतक्या उशिरा निघूनही त्याची उपयुक्तता कमी झाली नाही.